भागधारक

नवऱ्याने आयुष्यभर दारूत पैसे घालवले,
मी एकदाच घातले.
दोन्ही वाक्यं भराभर म्हणून पाहा,
फरक जेमतेम ऐकू येतो.

भिशी नुकतीच लागली होती
आणि गावठाणातल्या ग्लेंडा किणीचा ऑस्विन
मरोळच्या एका गाळ्यात
जांभूळ नि मध आंबवत होता.
म्हणाला, मावशी, ही दारू नाही, मीड आहे.
मी म्हटलं, चढते का?
चढते. पण हळू.
मग दारूच ती. हे पाच हजार, मोजून घे.

आम्ही एकशे एकेचाळीस जण.
सभेला आले तेवीस, खुर्च्या अठरा.
बेस्टमधून रिटायर झालेले हातेकर टाइमकीपर
टाकीवरच्या काट्याकडे असे बघत उभे,
जणू ती पाच मिनिटं उशिरा सुटणार आहे.
रात्रपाळी करून आलेली एक नर्स, बसल्या बसल्या पेंगणारी.
आणि चकाल्याचे मेहता,
कांदा खात नाहीत, मध खात नाहीत,
दहा हजार लावलेत.
आपल्याला प्यायचं कुठे आहे, म्हणाले, विकायचं आहे.

मी टाकीला कान लावला.
आत बारीक बुडबुडे,
भाताला उकळी फुटण्याआधी होतो तसा आवाज.
ऑस्विन सांगत होता,
यीस्ट साखर खातं आणि दारू सोडतं.
इतकंच?
मला वाटायचं, माणूस खाल्ल्याशिवाय
ती तयारच होत नाही.

वास मात्र ओळखीचा.
बावीस वर्षं तो मी उशीच्या अभ्र्यांतून धुतलाय.
तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून
क्वार्टर शोधल्यात,
रिकाम्या झाल्या की भंगारात दिल्यात, रुपयाला एक.
या धंद्यातली माझी पहिली कमाई ती.

सर्टिफिकेट आलं.
शून्य दशांश शून्य तीन टक्के.
हातेकरांनी पाठकोऱ्या पावतीवर हिशेब मांडून दिला:
दहा हजार बाटल्यांमागे तीन बाटल्या तुमच्या, वहिनी.
कागद त्याच्या मृत्यूच्या दाखल्यापाशी ठेवला,
त्याच प्लास्टिकच्या पिशवीत.
दुसरी पिशवी नव्हती, म्हणून.
मुलीला काही बोलले नाही.

लेबलाची मंजुरी अकरा महिने आली नाही.
बाटलीवर जांभळाचं चित्र किती मोठं असावं
यावर म्हणे फाइल अडली.
मे महिन्यात गाळ्याची वीज दोन दिवस गेली,
टाकी तापली, कुठूनतरी हवा शिरली.

दुसऱ्या सभेला आम्ही सातजण. खुर्च्या अठरा.
ऑस्विनने पेला पुढे केला.
कुणी ओठ लावेना, म्हणून मीच लावला.
जन्मात पहिल्यांदा.
आणि ती दारू नव्हतीच.
आंबट, जबडा आखडेल अशी आंबट.
सिरका झाला, मावशी, म्हणाला, आणि भिंतीकडे वळला.
नर्सने त्याच्या पाठीवर हात ठेवला,
पेशंटच्या ठेवावा तसा, घड्याळ बघत.
मेहतांनी विचारलं, हा विकायला कोणता परवाना लागतो?

परतावा म्हणून माणशी दोन बाटल्या मिळाल्या.
नवरा कधी दोन घेऊन आला नाही,
एकच आणायचा, ती पण शर्टाखाली.
मी उघड्यावर आणल्या, दोन्ही हातांत एकेक,
नाक्यावरच्या वाण्यादेखत.

मिरच्या चिरल्या, आलं किसलं,
ग्लेंडाने तिचा बाटली मसाला दिला,
बिअरच्या बाटलीत भरलेला, तो तसाच भरतात.
बरणी पंधरा दिवस उन्हात.

रविवारी मुलगी जेवायला आली.
बोट चाटून म्हणाली, कसलं गं हे लोणचं?
म्हटलं, दारूत बुडालेल्या पैशांचं.

तिला वाटलं, मी बाबांबद्दल बोलतेय.
मान खाली घालून भात कालवत राहिली.
मी तिला आणखी थोडं वाढलं.